बर्नर पाहावा निवडून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं ज्यांनी म्हणून ठेवलं, त्यांना घरी बिअर बनवायची हौस नसणार. नाहीतर त्या यादीत बर्नरही आला असता.

बिअरला लागतं काय? पाणी, मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं आणि यीस्ट. जिन्नस मोजून चार, त्यांबद्दल भांडायला फारसा वाव नाही. भांडण सुरू होतं ते जाळावरून.

बायकोनं सुरुवातीलाच विचारलं, "घरातल्या शेगडीला काय धाड भरलीये?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो. एका घाण्याला साधारण 19-20 लिटर बिअर निघते. मॉल्टचं पाणी तासभर उकळावं लागतं, त्यात तीन-चार लिटरची वाफ होते, तळाचा गाळ सोडून द्यावा लागतो, तेव्हा सुरुवात करायची 25 लिटरनं. एवढं पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायचं तर विजेच्या बिलातल्या हिशेबानं जवळजवळ 2.3 युनिट उष्णता प्रत्यक्ष पाण्याच्या पोटात जायला हवी. शेगडीचा मोठा बर्नर अडीच-तीन किलोवॅटचा, त्यातली निम्मीअधिक आच पातेल्याच्या कडेनं हवा खायला निघून जाते. म्हणजे नुसती उकळी फुटायलाच दोन तास, पुढे ती खळखळती ठेवायला आणखी एक. शिवाय पातेल्याचा घेर असा की बाकीचे बर्नर त्याच्या बुडाखाली गडप.

"थोडक्यात, त्या दिवशी स्वयंपाक बंद," मी निष्कर्ष वाचून दाखवला.

"कुणी सांगितलं? बिअर बंद," ती म्हणाली. घराबाहेरच्या बर्नरचा ठराव तिथेच एकमतानं मंजूर झाला.

बर्नर विकणारी मंडळी बीटीयूत बोलतात. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू. काडेपेटीतली एक काडी पूर्ण जळली की साधारण तेवढीच निघते. तेव्हा 50 हजार बीटीयूचा बर्नर म्हणजे तासाला 50 हजार काड्या. वॅटच्या भाषेत पावणेपंधरा किलोवॅटच्या आसपास, आणि 20 लिटरच्या घाण्याला तेवढे भरपूर झाले. पण प्रत्येकाच्या ओळखीत एक "घेतोयस तर मोठाच घे" म्हणणारा मित्र असतो. माझ्या मित्राचा आकडा दोन लाख होता. असला जेट बर्नर पेटला की शेजारी उभ्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं, आणि जरा दुर्लक्ष झालं की मॉल्टमधली साखर बुडाला लागते. त्याची चव प्रत्येक बाटलीत उतरते.

मग इंडक्शनची टूम निघाली. धूर नाही, सिलिंडर नाही. पण 304 जातीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, आणि बुडाशी चुंबकीय थर नसेल तर इंडक्शन त्या भांड्याला ओळखसुद्धा देत नाही. म्हणून मी फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून भांड्यांच्या दुकानांतून हिंडलो. पातेली उलटी करून त्यांच्या बुडाला काहीतरी लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार ज्या नजरेनं बघतात, ती मला आता पाठ आहे. चिकटलं ते नेमकं लहान निघालं.

पातेलं मोठंच हवं. उकळी फुटायच्या बेताला मॉल्टमधली प्रथिनं फेस धरतात, आणि हा फेस दुधासारखी पूर्वसूचना देत नाही. तुम्ही चष्मा पुसायला वळलात की तो बर्नरवर. 25 लिटरला 35 ते 40 लिटरचं पातेलं हवं, तेही उघडं. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर जायच्या ऐवजी बिअरमध्ये मुक्कामाला राहतो.

उंच, डौलदार, तीन पायांचे स्टँड मी लांबूनच नमस्कार करून सोडले. भरलेलं पातेलं तीस किलोच्या घरात जातं आणि आत असतो उकळता पाक. बुटका आणि फताड्या पायांचा बर्नर दिसायला सामान्य असतो, पण रात्री झोप लागते. रेग्युलेटर आणि नळी त्या बर्नरला साजेशीच हवी, ज्योत निळी हवी. पिवळी पडली की हवा कमी पडतेय आणि पातेल्याला काजळी धरतेय असं समजावं. आणि पाऊस असो वा वारा, हे प्रकरण घरात आणायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाकीचं सामान मुकाट्यानं येतं: झाकणाची बादली, आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा अडवणारा एअरलॉक, सायफनची नळी, थर्मामीटर, निर्जंतुक करायचं द्रावण, वर्ट म्हणजे तो उकळलेला पाक झटपट गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं. पाकाची घनता मोजणारे हायड्रोमीटर मात्र दोन घ्यावेत, कारण पहिला धुताना फुटतो. त्यावर आंबवण्याआधी 1.050 आणि आंबवून झाल्यावर 1.010 दिसलं, तर फरकाला 131.25 नं गुणायचं. सव्वापाच टक्के अल्कोहोल. गणितात हा एवढाच भाग आनंदाचा.

शेवटी आम्ही दोघं दुकानात गेलो. माझ्याकडे बीटीयू, नळीची लांबी, पायांमधलं अंतर असा तक्ताच होता. बायकोनं पर्समधून मेजरिंग टेप काढली.

"किती बीटीयूचा दाखवू?" दुकानदारानं मला विचारलं.

"पाय निघतात का याचे?" तिनं विचारलं. "पातेल्याच्या आत मावेल तो द्या. एकच वस्तू ठेवायला जागा आहे घरात."