हातातली माहिती आणि शहाणपण

‘स्वस्त इंटरनेटमुळे खेड्यातल्या माणसाच्याही हातात सगळ्या जगाची माहिती आली, आता त्याला कोणी फसवू शकणार नाही आणि अफवा आपोआप मागे पडतील,’ असे विधान सध्या मोठ्या आवडीने एकमेकांना पाठवले जाते. ते मला चुकीचे आणि घातक वाटते.

माणसे चुकतात ती माहिती कमी पडल्यामुळे, हे त्यातले पहिले गृहीतक. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी असलेल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. तिथे माहितीचा तुटवडा नव्हता; मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर सारखे येत होते. देशभर फिरलेली त्यातली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती आणि तिच्या शेवटचा खुलासा कोणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्यात ज्या फोनवरून पोलिसांकडे चौकशी करता आली असती, तसल्याच फोनवर मारहाणीचे चित्रीकरण झाले.

खरी माहिती उपलब्ध झाली की खोटी टिकत नाही, हे दुसरे गृहीतक. खऱ्या बातमीला चौकशीचा वेळ लागतो, अफवेला लागत नाही. त्यामुळे दोघींना सारखाच मोकळा रस्ता दिला, तर अफवाच पुढे जाते. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घालण्याचे जाहीर केले. खुद्द माध्यमालाच वेग आवरावा लागला.

माहितीमुळे सामान्य माणूस प्रश्न विचारू लागला, हा तिसरा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मला फार मोलाचा वाटतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून रोजगार हमीच्या हजेरीपटाची प्रत मागणारा मजूर नक्कीच अधिक जाणता होतो, कारण त्याच्याकडे प्रश्न आधी असतो आणि मिळालेल्या कागदावरची नावे तो कामावर प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांशी ताडून पाहू शकतो. पुढे ढकललेला संदेश न विचारताच येतो, तोही बहुधा एखाद्या काकांकडून किंवा वर्गमित्राकडून, आणि त्या माणसावरचा विश्वास वाचणारा नकळत संदेशावर ठेवतो.