कटावीला एका रात्रीसाठी जाऊ नका

परवा एका मैत्रिणीने तिला टूरवाल्यांकडून आलेला टांझानियाचा कार्यक्रम पाठवला. सात दिवसांत चार राष्ट्रीय उद्यानं, आणि त्यात शेवटी एका रात्रीपुरतं कटावी. वाचून मला खरंच वाईट वाटलं. "एवढे पैसे घालतोय तर सगळं बघून येऊ" हा विचार मला कळतो, कर्ज काढून जाणारी माणसंही माझ्या ओळखीत आहेत. पण कटावीसारख्या ठिकाणी या हिशेबाने गेलात तर पैसे विमानात आणि धुळीत जातील, जंगल बघायचं राहूनच जाईल.

कटावी टांझानियाच्या पार पश्चिमेला, टांगानिका सरोवराच्या बाजूला आहे. 1974 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, 1998 मध्ये वाढवलं, आता क्षेत्रफळ 4,471 चौरस किलोमीटर. आपल्या ताडोब्याचं कोअर आणि बफर मिळून 1,727 चौरस किलोमीटर भरतं, त्यावरून अंदाज घ्या. आणि एवढ्या जागेत राहायचे कॅम्प अगदी मोजके. सेरेंगेटीची गर्दी इथवर पोचत नाही, कारण उत्तरेकडच्या अरुशा शहराहून छोट्या विमानाने यायलाच काही तास लागतात आणि ती विमानंही आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात. रस्त्याने यायचं तर प्रवासातच दिवस जातात.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्राण्यांची यादी बाजूला ठेवा आणि आधी पाणी कुठे, कधी असतं ते बघा. कटावीचा जीव कटुमा नदीत आहे. पावसाळ्यात ती कटावी आणि चाडा या उथळ सरोवरांमध्ये आणि आजूबाजूच्या गवताळ मैदानांवर पसरते. जूनपासून पाणी मागे सरायला लागतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीत चिखलाचे डोह तेवढे उरतात. आसपासचे सगळे पाणघोडे मग त्या डोहांत येऊन कोंबले जातात. शेकडो. अंगाला अंग घासून, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून. एखादा नर जागेसाठी उठला की सगळा डोह खवळतो, चिखल उडतो, आणि त्या दाट वासाने नाकाला हात लावावा लागतो. मगरी काठाच्या मातीत पोखरलेल्या कपारींमध्ये एकीवर एक पडून राहतात, उरलेला ओलावा जपत. रानम्हशींचे मोठमोठे कळप तिथेच पाण्याला येतात, आणि त्यांच्या मागावर सिंह.

हे एका सकाळच्या फेरीत उरकत नाही. एकाच डोहाशी पहाटे थांबायचं, दुपारी उन्हात थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जायचं, तेव्हा कुठे कोण कुणाला हुसकावतंय ते समजायला लागतं. निदान चार रात्री द्या, पाच दिल्या तर उत्तम. त्यासाठी बाकीच्या तीन उद्यानांवर खुशाल काट मारा.

नोव्हेंबर ते एप्रिलचा विचार करत असाल तर सोडून द्या. पक्षी सुंदर असतात, पण जमीन काळी चिकण आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पावसातली ती माती काय करते हे सांगायला नको. बरेचसे कॅम्प पावसात बंदच असतात.

आता तयारीचं. छोट्या विमानात साधारण 15 किलो सामान चालतं आणि तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत. कपडे खाकी, मातकट. गडद निळा आणि काळा रंग नकोच, कारण त्से-त्से माशी त्याच रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे करतात. जीन्समधूनही चावते ती. चिवडा-लाडू न्यायचे तर डब्यात न्या, टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळेत सुरू करा. प्रवासात केनिया किंवा इथिओपियात मुक्काम होणार असेल तर यलो फीवरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या, नाहीतर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडकून पडाल.

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. धावपट्टी मातीची आहे, दिवे नाहीत, रात्री कुणाला त्रास झाला तर विमान उजाडल्यावरच येणार. नेहमीची औषधं दुप्पट न्या आणि विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा काढल्याशिवाय निघू नका.

या नदीबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण मला त्याची फार काळजी वाटते. उद्यानाच्या बाहेर, वरच्या अंगाला भातशेतीसाठी कटुमाचं पाणी अडवलं जातं. शेतकऱ्यालाही जगायचं आहे, त्याला दोष कसा देणार? पण डोह लवकर आटले की पाणघोडे मरतात. अशा जंगलात पाहुणे येत राहिले, प्रवेश शुल्क भरत राहिले, तर ते पाणी जंगलालाही हवं आहे हे सरकारदरबारी ठणकावून सांगता येतं. म्हणून मी लोकांना कटावीला जाच म्हणते. आणि तिथल्या माणसांनी हे रान आधीपासून मानलेलं आहे. कटावी सरोवराजवळच्या एका चिंचेत कटाबी नावाच्या शिकाऱ्याचा आत्मा राहतो अशी श्रद्धा आहे, आणि लोक आजही तिच्या बुंध्याशी काहीबाही ठेवून जातात.

टूरवाल्यांशी बोलाल तेव्हा तीन प्रश्न नक्की विचारा. गाडी फक्त आमची असेल की इतरांबरोबर वाटून? सगळे दिवस गाइड एकच राहील का? बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फिरता येईल का? शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंग करतानाच लेखी कळवा, कारण कॅम्पचा भाजीपाला लांबून येतो आणि आयत्या वेळी काही मिळत नाही. पुढच्या सप्टेंबरची जागा हवी असेल तर चौकशी आत्ताच सुरू करा. मैत्रिणीने कार्यक्रम बदलून घेतलाय, ती आता पाच रात्री राहणार आहे.