हळदीचं पाणी आणि पित्ताची गोळी

सांगलीत राहून हळदीबद्दल काही उणं बोलायचं म्हणजे जेजुरीत भंडाऱ्याला नावं ठेवण्यासारखं आहे. तरी बोलतो. आमचं औषधांचं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा एक मेसेज वाचून लोक रोज काउंटरवर प्रश्न घेऊन येतात. प्रश्न विचारणाऱ्यांची चिंता नाही. काहीजण न विचारताच गोळ्या बंद करून मोकळे झालेत, चिंता त्यांची आहे.

मेसेज थोडक्यात असा (ओमेप्राझोल म्हणजे पित्ताची नेहमीची गोळी): "परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं! हळद ओमेप्राझोलपेक्षा भारी. रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा अस्सल सांगलीची राजापुरी हळद आणि चिमूटभर मिरपूड कोमट पाण्यातून घ्या. २१ दिवसांत ॲसिडिटी मुळापासून नष्ट. पित्ताच्या गोळ्यांनी किडनी सडते, आजच बंद करा. वनस्पती आहे, अपाय शून्य. आयुर्वेदानं हे हजारो वर्षांपूर्वीच सांगितलंय. अमेरिकेनं हळदीचं पेटंट उगाच घेतलं नव्हतं." शेवटी जोडलेले हात आणि तिरंगा.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, हळद ओमेप्राझोलपेक्षा भारी."

हे वाक्य अगदीच हवेतून आलेलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त फसवं आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये थायलंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात २०६ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला हळदीतलं कर्क्युमिन, दुसऱ्याला २० मिलिग्रॅम ओमेप्राझोल, तिसऱ्याला दोन्ही. अठ्ठावीस आणि छप्पन्न दिवसांनी लक्षणं मोजली, तेव्हा तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडलेला दिसला. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना काही जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे निष्कर्ष "साधारण बरोबरीचं" असा आहे. "भारी" हा शब्द मेसेज लिहिणाऱ्यानं घरून घातलेला.

आता हे रुग्ण कोण होते ते बघा. त्यांना 'फंक्शनल डिस्पेप्सिया' होता. म्हणजे पोटाच्या वरच्या भागात दुखतं, जळजळतं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, पण तपासणीत अल्सर वगैरे काही सापडत नाही. हा त्रास खरा असतो, मनाचा खेळ नसतो. पण अन्ननलिकेत आम्ल वर येऊन झालेल्या जखमा वेगळ्या आणि जठरातला अल्सर त्याहून वेगळा. आपल्याकडे हे सगळं "पित्त झालंय" या दोन शब्दांत बसतं आणि मेसेजला तेच सोयीचं पडतं. दुसरं म्हणजे या अभ्यासात नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, कॅप्सूल घेणारा गट नव्हता. या आजारात खोट्या गोळीनंही कितीतरी जणांना बरं वाटतं, तीनात एकाला तरी. त्यामुळे तिन्ही गटांना आराम पडला यातला औषधाचा वाटा किती आणि धीर मिळाल्याचा किती, हे यातून वेगळं काढता येत नाही. अभ्यास टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. चांगली सुरुवात आहे. पण "सिद्ध" म्हणायला अजून बराच पल्ला आहे.

त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी मेसेजमध्ये कुठेच नाहीत. कर्क्युमिन घेणाऱ्यांचं समाधान फारसं वाढलं नाही, कदाचित चवीमुळे किंवा वासामुळे असेल, असं संशोधकांनीच म्हटलंय. आणि वजन जास्त असलेल्या काही जणांच्या यकृताच्या तपासण्या थोड्या बिघडलेल्या दिसल्या.

"एक चमचा राजापुरी."

इथे हिशेब करू, कारण सांगलीत हळदीचा हिशेब सगळ्यांनाच कळतो. त्या रुग्णांना २५० मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या दोन कॅप्सूल दिवसातून चार वेळा दिल्या होत्या. म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम कर्क्युमिन. दळलेल्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण दोन ते पाच टक्के. तीन टक्के धरलं तर तीन ग्रॅमच्या चमच्यातून ९० मिलिग्रॅम मिळतं. दोन ग्रॅमसाठी बावीस चमचे हळद लागेल, म्हणजे ६५ ग्रॅमच्या पुढे. आपल्या गावचा मान राखून पाच टक्के धरलं तरी तेरा चमचे होतात. रोज. छप्पन्न दिवस. एवढी हळद कुणाच्या घरात मसाल्याच्या डब्यातून जात नाही, लग्नातसुद्धा जात नाही.

म्हणजे अभ्यास झाला कॅप्सूलमधल्या कर्क्युमिनचा, आणि सल्ला दिला जातोय भुकटीचा. या मेसेजची सगळी गोम इथे आहे. झाड एक, पण चिमूटभर हळद, तिचा काढा आणि तिच्यातून वेगळा काढलेला घटक पोटात गेल्यावर सारखे वागत नाहीत. भाजीतली हळद गुण देत नाही म्हणून अर्क खोटा ठरत नाही, आणि अर्कानं गुण दिला म्हणून चमचा औषध ठरत नाही.

राजापुरीचं म्हणाल तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रास्तच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं टिकवायची, हे डोकं आपल्या माणसांचं. २००५च्या महापुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, तरी मार्केट यार्डातल्या सौद्यांना देशभरातले खरेदीदार येतातच. पण मानांकन मिळतं ते मालाच्या ओळखीला. पोटाच्या औषधाचा दाखला म्हणून ते कुणी दिलेलं नाही.

"मिरपूड घाला. आयुर्वेदात सांगितलंय."

मिरपुडीचा भाग खरा आहे. नुसतं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण वीस पटींनी वाढतं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण पायपरीन ही करामत फक्त हळदीपुरती करत नाही. फिट्सची फेनिटोइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन यांचंही रक्तातलं प्रमाण त्यानं वाढतं. स्वयंपाकातल्या मिरीनं काही होत नाही, ती खुशाल खा. रोज ठरवून, उपाशीपोटी, गोळ्यांच्या जोडीला घ्यायची म्हटलं की मात्र विचारून घ्यायचं.

आणि आयुर्वेदाचं नाव घेताना निदान आयुर्वेदाला तरी विचारा. जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं याला वैद्य अम्लपित्त म्हणतात. त्यावर आवळा, शतावरी, ज्येष्ठमध अशी औषधं देतात. मिरी उष्ण आणि तिखट. छातीत जळजळणाऱ्या माणसाला ती सकाळी रिकाम्या पोटी द्या असं सांगणारा वैद्य मला अजून भेटायचाय. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, हिंग, जिरं घातलेलं हिंगाष्टक आहेच की आपल्याकडे! पण ते भूक मंदावली, पोट गच्च झालं, गुबारा धरला यासाठी, आणि तेही तुपाबरोबर पहिल्या घासाला. कोणाला काय द्यायचं हे ठरवणं हाच त्या शास्त्राचा गाभा. मेसेजनं तोच गाळला. (ज्येष्ठमधही जपून घ्या. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.)

"पित्ताच्या गोळ्यांनी किडनी सडते, आजच बंद करा."

सगळ्यात घातक ओळ हीच.

आधी किडनी. या गोळ्यांनी क्वचित एखाद्याच्या मूत्रपिंडाला सूज येते, हे खरं. गोळ्या घेणाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासून मूत्रपिंडाचा आजार त्यांच्यात जास्त आढळतो असंही काही अभ्यास म्हणतात. पण अशा नोंदींत मुळात आजारी माणसंच जास्त असतात. खरी परीक्षा झाली २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत. १७,५९८ लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून तीन वर्षं पँटोप्राझोल (ओमेप्राझोलच्याच जातीची गोळी) किंवा खोटी गोळी दिली. मूत्रपिंडाचा आजार वाढलेला दिसला नाही. वाढले ते फक्त आतड्याचे संसर्ग, तेही थोडे. बरीच वर्षं गोळी चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं, एवढं मात्र खरं.

आता "आजच बंद करा". ही गोळी आम्ल तयार करणारा पंप बंद ठेवते. काही आठवडे पंप बंद राहिला की शरीर त्याला जागं करण्यासाठी जोर लावत राहतं, आणि गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळून येतं. डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट लोकांवर प्रयोग झाला, ज्यांना पित्ताचा त्रास कधीच नव्हता अशांवर. आठ आठवडे गोळी घेऊन थांबवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना नंतर जळजळ सुरू झाली. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे मेसेज वाचून गोळी सोडणारा आधी दोन-तीन आठवडे हैराण होणार आणि मग उसळी आपोआप ओसरली की श्रेय हळदीला जाणार. २१ दिवसांचा आकडा या दृष्टीनं फारच हुशारीनं निवडलाय म्हणायचा.

आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. हृदयात स्टेंट घातल्यापासून त्यांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. त्यांनी बाकीच्या गोळ्या मागितल्या आणि पँटोप्राझोल नको म्हणाले. म्हटलं, "गुरुजी, ही गोळी पित्ताची नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलीय." ते म्हणाले, "मग तसं चिठ्ठीवर लिहायचं की!" गुरुजींचं बरोबर आहे. पण अशांनी ती गोळी सोडायची आणि वर रोज हळद-मिरी घ्यायची, म्हणजे एका हातानं कुंपण काढून दुसऱ्या हातानं जनावर आत सोडायचं.

गरज नसताना वर्षानुवर्षं या गोळ्या घेणारे आहेत, भरपूर आहेत. वडापाव खायच्या आधी एक टाकून घेणारेही आहेत. त्यांनी गोळी कमी करावी, पण डॉक्टरांना विचारून, डोस उतरवत उतरवत.

"वनस्पती आहे, अपाय शून्य."

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलशी जोडलेले दहा रुग्ण तपशिलानं मांडले. पाचजणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सातजणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा धोका थोड्याच लोकांना असतो, पण ते कोण हे आधी कळत नाही. काही कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्कही होता. भाजी-आमटीतल्या हळदीनं असं झाल्याचं कुणी म्हणत नाही, पिढ्यान् पिढ्या आपण ती खातोय. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाचं रक्त हळदीच्या उत्पादनानं धोकादायक पातळ झाल्याची नोंद न्यूझीलंडमध्ये आहे. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्युमिननं पित्ताशय आकुंचन पावतं आणि कळ उठू शकते. हळदीत ऑक्सलेटही बरंच, तेव्हा मुतखडेवाल्यांनीही चमच्याच्या नादी लागू नये.

पेटंटचं दोन वाक्यांत सांगतो. ते १९९५ मध्ये मिळालं होतं जखम भरण्यासाठीच्या वापराला, पोटाशी त्याचा संबंध नव्हता, आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे, ती इथे ठिगळासारखी लावू नका.

मग झाडपाल्याचं काहीच खरं नाही का? आहे की, आणि मी ते रोज विकतो. इसबगोल घ्या. बद्धकोष्ठतेवर इतका साधा आणि इतका भरवशाचा उपाय कमी आहे, फक्त भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर घशातच फुगून बसतो. सोनामुखी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आतड्यातले जिवाणू तिचं रूपांतर करतात, म्हणून रात्री घेतलेली सकाळी लागू पडते. पण बाजारातल्या कित्येक "पूर्ण हर्बल" चूर्णांत तीच असते आणि लोक वर्षभर रोज घेतात, तशी घ्यायची ती गोष्ट नाही. आल्याचा मळमळीवर उपयोग होतो, गरोदरपणातल्या मळमळीवरसुद्धा त्याचे बरे अभ्यास आहेत. पेपरमिंटचं तेल आतड्याचे स्नायू सैल करतं, म्हणून आयबीएसच्या, म्हणजे आतडं सारखं बिथरण्याच्या विकाराच्या, पोटदुखीत देतात. तेही जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून, कारण वरच विरघळलं तर अन्ननलिकेची झडप ढिली पडून जळजळ उलट वाढते. आपल्या चटणीतला पुदिना वेगळ्या जातीचा, त्यात मेन्थॉल नावापुरतंच. तेव्हा पुदिन्याच्या पाण्याकडून ती अपेक्षा नको.

"मुळापासून नष्ट."

कशाचं मूळ, हे न बघताच? अल्सरच्या मुळाशी बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन या दोघांना २००५चं नोबेल त्यासाठीच मिळालं. तो हळदीच्या पाण्यानं जात नाही, त्याला प्रतिजैविकांचा कोर्स लागतो. शौचाला डांबरासारखं काळं होणं, गिळताना अडकणं, वजन उतरणं, सारखी उलटी, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं "पित्त", यातलं काहीही असेल तर एकवीस काय, तीन दिवससुद्धा घरगुती प्रयोगात घालवू नयेत. छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर आधी ईसीजी.

वरची बाकीची लक्षणं असणाऱ्यांना डॉक्टर बहुधा एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघायची तपासणी, सांगतील. मिरज हाकेच्या अंतरावर आहे आणि तपासणीला काही मिनिटंच लागतात. फक्त पोट रिकामं लागतं. सकाळचा हळदीचा चमचा घेऊन गेलात, तर दुसऱ्या दिवशी या म्हणतील.