डिपॉझिट, भाडं आणि कारण

राजारामपुरीतल्या एजंटाच्या वहीत दोनच रकाने होते. एकावर ‘बॅच.’, दुसऱ्यावर ‘फॅमि.’ पेन उघडून त्यानं विचारलं, “बॅचलर का फॅमिली?”

“फॅमिली होती,” मी म्हटलं.

पेन दोन रकान्यांमधल्या रेघेवर अडकलं. त्यानं आधी माझं टक्कल न्याहाळलं. हे बॅचलरमध्ये खपणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग माझ्या पाठीमागं दाराबाहेर कुणी उभं आहे का ते पाहिलं. तिथं फक्त माझी स्कूटर होती. एकदम आवाज खाली आणून तो म्हणाला, “वारल्या काय ओ?”

“नाही नाही, ठणठणीत आहे. टाकाळ्यावर असते. आम्ही वेगळे झालोय.”

“अरारा,” तो म्हणाला. वारली असती तर वहीत कुठंतरी बसवता आलं असतं, अशा सुरात. मग पेनाला टोपण घातलं, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, “आणि कारण काय म्हणायचं?”

कोल्हापुरात भाड्याच्या घराला तीन गोष्टी लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. डिपॉझिट, भाडं आणि कारण. पहिल्या दोन्हींत घासाघीस चालते, तिसऱ्यात नाही. माणसं वाईट नाहीत हो. या गावात पत्ता विचारला तर माणूस सांगत बसत नाही, सरळ तुमच्या गाडीवर मागं बसतो आणि दारात नेऊन सोडतो. फक्त वाटेत ‘कुणाकडं चाललाईसा? पाव्हणं काय? लगीनकार्य हाय काय?’ एवढं सगळं काढून घेतो. त्याची मजुरीच ती. मी मात्र ठरवलं होतं, कारण सांगायचं नाही. एक तर ते आमचं आम्हालाच नीट ठाऊक नव्हतं. वकिलानं कागदावर ‘स्वभाव न जुळल्याने’ घातलं होतं, पण ते लग्नाच्या जाहिरातीतल्या ‘गृहकृत्यदक्ष’सारखं छापील असतं.

तसं आमचं सगळं शांतपणे झालं. परस्परसंमतीच्या घटस्फोटात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. न जाणो, मन फिरलं तर! हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगून ठेवलंय. वकील म्हणाला, दोघांनी मिळून एक अर्ज टाका, लवकर सुटाल. पण दोघांनी मिळून काही करायची सवयच राहिली नव्हती. थांबलो सहा महिने. फ्लॅट सासऱ्यांनी घेऊन दिलेला, त्यामुळं बाहेर कुणी पडायचं यावर साधी चर्चाही झाली नाही. दोन बॅगा, एक इस्त्री आणि एक मिक्सर घेऊन मी पडलो. मिक्सरची भांडी तिथंच राहिली, हे आठ दिवसांनी कळलं.

पतसंस्थेतल्या क्लार्कचं बजेट ते केवढं? सहा हजार, फार ताणलं तर सात. ताराबाई पार्कात एजंटानं मला गेटच्या आत नेलंच नाही. बाहेरूनच म्हणाला, “सर, आता सर्किट बेंच आलंय ओ.” मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी चार दशकं लढून ते आणलं, आणि त्या आनंदात आमच्या संस्थेत वाटलेला पेढा मीही खाल्ला होता. तो आता घशात अडकला. गावातला प्रत्येक घरमालक हायकोर्टाच्या वकिलाची वाट बघत बसलेला. पाचगावात एक पत्र्याची खोली बघितली. दारासमोर दोन म्हशी बांधलेल्या. मालक म्हणाला, “नऊ हजार. कालच एक वकील विचारून गेल्यात.” काळा कोट घातलेला माणूस म्हशीच्या शेपटीचा मार चुकवत, काखेत फायली धरून युक्तिवादाला निघालाय, हे चित्र मी बराच वेळ डोळ्यांपुढं आणून बघितलं. येईना.

मग राजेंद्रनगरात कॉट बेसिसवर गेलो. एका खोलीत चार कॉट, त्यातल्या तीनवर स्पर्धा परीक्षेची पोरं. भिंतभर नकाशे आणि राज्यघटनेची कलमं. माझ्या वाट्याची कॉट मूलभूत कर्तव्यांच्या खाली होती. त्यातलं एक पोरगं अदबीनं म्हणालं, “काका, तुमचा कितवा अटेम्प्ट?”

“पहिलाच,” मी म्हटलं. “नापास झालो.”

“असू दे ओ काका, पुढच्या वेळी निघंल.” आणि त्यानं मला स्वतःच्या नोट्स देऊ केल्या. तिथं मी अकरा दिवस काढले. पोरं गुणी होती. पण पहाटे चारला तिघांचे तीन अलार्म वाजायचे आणि उठायचो फक्त मी.

त्यानंतर दुधाळीकडचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं पेरूचं झाड आणि भाडं चार हजार! मालकाला मिठीच मारणार होतो, तेवढ्यात भिंतीवर छातीच्या उंचीला एक तपकिरी रेघ दिसली. त्याला म्हटलं, “पट्टा छान मारलाय.”

“पट्टा न्हवं ओ, २०१९ चा पूर.” मग बोटानं दुसरी रेघ दाखवली. “आणि ही २०२१ ची.” आपल्या पोरांची उंची दाखवावी तसा तो दाखवत होता.

पावसाळ्यात कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारत असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. मी जरा मागं सरतोय हे बघून मालक म्हणाला, “सर, भ्यायचं कशाला? नदी आधी सांगती. ३९ झालं की आवराआवर करायची, ४३ ला बाहेर पडायचं. बायकोचं तसं कळतंय काय?”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. आमच्या घरात ३९ कधी झालं आणि ४३ कधी ओलांडलं, हे आजही मला सांगता येणार नाही. तरी घर घेतलं नाही. बॅगा उचलून बाहेर पडायचं एकदाच झालेलं बरं असतं.

शेवटी घर मिळालं शिवाजी पेठेत. जुनं दुमजली घर. खाली मालकीण आजी आणि त्यांचा नातू, वर माझी खोली, त्याला लागून ओट्यापुरतं स्वयंपाकघर. आजींनी मला पाटावर बसवलं आणि नजर रोखून एकच प्रश्न विचारला. “मटण खातासा न्हवं?”

“खातो की.”

“मग काय अडचण न्हाई.”

कारण विचारलंच नाही! मला इतकी सवय झाली होती की उलट मीच ‘आमचं काय झालं माहितीय का आजी’ म्हणून सुरू करणार होतो. नातवानं मात्र अडवलं. “फुटबॉलमधी कुणाकडनं?” कोल्हापुरात हा प्रश्न जातीपेक्षा अवघड. मी गॅलरीकडं बघितलं. तिथं कठड्यावर एका तालमीचा, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाचा, झेंडा वाळत होता. त्यावरचं नाव वाचलं आणि छाती काढून सांगितलं. “बास बास,” तो म्हणाला. “तसं घटस्फोटाचं काय न्हाई ओ, पण मॅचच्या दिवशी घरात दोन पार्ट्या नकोत.”

एजंट म्हणाला, ११ महिन्यांचं करू, म्हणजे नोंदणीची कटकट नाही. हे सगळीकडं सांगतात. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणं ११ महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर असते. हे मी आजींना सांगितलं तर त्या भलत्याच खूश. मशीनवर अंगठा टेकवताना त्यांनी पदर सारखा केला. करारात सगळं होतं. सोडायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, मोडतोडीची भरपाई कुणी द्यायची, रंग कुणी लावायचा. लग्नाच्या आधी आमच्या दोन्ही घरांत तीन बैठका झाल्या होत्या, त्यातल्या दोन जिलेबी का बासुंदी यावर.

घर झालं, आता घरात घालायचं काय?

गादीच्या दुकानात सांगितलं, सहा बाय तीनची भरा. गादीवाल्यानं पिंजलेला कापूस खाली ठेवला. “तीनची? आणि मग पुढं?” मी म्हटलं, पुढं काय, मी झोपणार. “तसं न्हवं सर. चारची घ्या. माणसाचं काय सांगता येतंय?” असं म्हणत त्यानं फूटभर आशा वरचे पैसे लावून मला विकली. खुर्ची घ्यायला गेलो तर त्या जोडीनं होत्या. कप सहा. चादरीबरोबर उशीचे अभ्रे दोन. गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर आणला. त्याच्याकडं बघून नातू म्हणाला, “काका, ह्येचं पिल्लू हाय काय?” एकट्या माणसाच्या मापाची म्हणून एवढी एकच वस्तू मला बाजारात मिळाली.

आणि तिजोरी. आमच्याकडं लोखंडी कपाटाला तिजोरी म्हणतात, मग आत बनियन का असेनात. जुन्या फर्निचरच्या दुकानात एक आरशाची मिळाली, हिरवी, अडीच हजाराला. छोट्या हत्तीतून ती गल्लीत आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले, म्हणजे सगळी पेठ कट्ट्यावर. जिना अडीच फुटी, त्यात मधेच वळण. तालमीतली पाच पोरं न बोलावता आली. मग सल्ला देणारे पंधरा आले. एकजण म्हणाला आडवी घ्या, दुसरा म्हणाला उभी घ्या, तिसरा म्हणाला आरसा काढा. एक म्हातारबाबा म्हणाले, आधी जिना काढा. वळणावर तिजोरी अडकली ती अडकलीच. वरची तीन पोरं वर, खालची दोन खाली, आणि मी मधे भिंतीला चिकटून, आरशात स्वतःचा घामेजलेला चेहरा चार इंचांवरून बघत. पंधरा मिनिटं. एवढा वेळ स्वतःच्या डोळ्यांत बघायची पाळी माझ्यावर वर्षभरात आली नव्हती, कोर्टातसुद्धा नाही.

“काका,” तिजोरीच्या पलीकडून आवाज आला. पोरगं दिसत नव्हतं. “आता थांबलोयच, तर कारण काय झालं हुतं?”

शेवटी उतरवून, दोर लावून गॅलरीतून वर ओढली. कठड्याचं एक फूल मोडलं, करारातलं भरपाईचं कलम तिथं लागू झालं. मग कळलं की आतल्या लॉकरची किल्लीच नाही, आणि हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. त्या रात्री मिसळ खाताना पाच पोरांचे पाच तर्क. एक म्हणे पाटल्या, एक म्हणे हाडं. कट तिसऱ्यांदा मागवेपर्यंत विषय तोच. मी तो लॉकर अजून उघडलेला नाही. त्या तिजोरीमुळं गल्लीचं लक्ष माझ्यावरून थोडं हललं होतं.

भांडी विकत घ्यावी लागली नाहीत. बातमी पसरली तशी ती आपोआप आली. मावशीनं पातेली पाठवली, संस्थेतल्या बायकांनी ताटल्या, आजींनी तांब्या आणि परात. आपल्याकडं स्टीलच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय देणाऱ्याला चैन पडत नाही, त्यामुळं माझा संसार वाचनीय झाला. परातीवर ‘सत्यनारायण १९८७’. डब्यावर ‘मामाकडून भाचीस सप्रेम भेट’. कढईवर एका दूध संस्थेची ‘सभासद भेट, दिवाळी’. सकाळचा चहा मी कुणा कैलासवासींच्या स्मरणार्थ पितो आणि रात्रीचा भात डोहाळजेवणाच्या ताटलीत खातो.

एकदा वाटलं, घरात निदान एक भांडं आपल्या नावाचं असावं. पगार झाल्यावर महाद्वार रोडला गेलो, छान जाड बुडाचं पातेलं घेतलं. दुकानदार म्हणाला, नाव घालून न्या, फुकट आहे. बाहेर स्टुलावर एक पोरगा नाव घालायचं मशीन घेऊन बसलेला.

“कुणाकडनं?” त्यानं विचारलं.

“कुणाकडनं नाही. मीच घेतलंय.”

“बरं. कुणाला?”

“मलाच.”

त्यानं वर बघितलं. “आणि निमित्त काय घालू?”

म्हणजे तेच. कारण काय? मी विचारात पडलो, तोवर मशीन घर्र करून सुरूही झालं. सवयीच्या हातानं त्यानं पातेल्यावर ठसठशीत ‘सौ.’ काढलं, आणि मग थांबून माझ्याकडं पाहिलं.

“चुकलं ओ. हातच बसलाय तसा.”

“पुसता येत नाही?”

“स्टील हाय ते सर. पाटी हाय काय?”

मागं तीन गिऱ्हाइकं तांबे घेऊन उभी. नवीन पातेलं टाकवत नव्हतं. अचानक सुचलं. “पुढं ‘जन्य’ घाल,” मी म्हटलं. “सौजन्य. आणि त्याच्या पुढं ‘स्वतः’.” पोराला ते फारच आवडलं. त्यानं खाली एक वेलबुट्टी स्वतःच्या मनानं काढून दिली. ‘सौ’च्या पुढचं टिंब तेवढं तसंच राहिलं.

बुधवारी आजी पांढरा रस्सा घेऊन वर आल्या. ओट्यावर नवं पातेलं दिसलं म्हणून त्यातच ओतायला घेतलं आणि थबकल्या. पातेलं खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा खाली ओढला. दोन महिन्यांत या बाईनं मला एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. त्या एकेक अक्षर लावून वाचू लागल्या. “सौ... जन्य... स्वतः.” मग माझ्याकडं बघितलं. मग चार फुटी गादीकडं.

“आस्सं हाय व्हय!” त्या म्हणाल्या आणि रस्सा खाली ठेवून पाट ओढून बसल्या. “तरीच म्हटलं. कुठली ओ ही जन्या?”