क्यू हनुवटीला लावून मापू नका

पूल खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक चित्र फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल. एक माणूस ताठ उभा, शेजारी उभा धरलेला क्यू (म्हणजे बॉल मारायची काठी), क्यूचं टोक हनुवटीच्या जरा खाली आणि त्याखाली उंचीचा तक्ता. मजकूर थोडक्यात असा: क्यूचं टोक खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये यायला हवं. 58 इंची क्यू साधारण पावणेसहा फुटी पुरुषांसाठी असतो, बुटक्यांनी तो कापून घ्यावा. लांब क्यूला जोर जास्त. लांबी चुकली की पाठ धरते. आणि मुलांना मात्र पहिल्यापासून मोठाच क्यू द्या, वाढतात ती.

माझी उंची 5 फूट 2 इंच. असल्याच सल्ल्यापायी मी एक चांगला क्यू वाया घालवलाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिला मुद्दा हनुवटीचा. सल्ला जुना आहे, स्नूकर खेळणाऱ्या ज्येष्ठांकडून मीही तो ऐकलाय, आणि पहिल्यांदा ऐकताना पटतोही. कारण पाच फूट दहा इंचाच्या माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण 57 इंचांवर येतो, हनुवटी 61 च्या आसपास. दुकानातला 58 इंची क्यू त्यात चपखल बसतो. म्हणजे क्यू आधीपासून होता, तो मध्यम उंचीच्या माणसाशेजारी उभा केल्यावर कुठे पोचतो ते कुणीतरी पाहिलं आणि त्याचा नियम करून टाकला. आता हाच नियम बाकीच्यांना लावून बघा. माझी हनुवटी 54 इंचांवर, खांदा 51 वर. म्हणजे मी 51 ते 54 इंचांचा क्यू वापरायचा. आमच्यातला एक जण सव्वासहा फूट आहे. त्याची हनुवटी 65 इंचांवर जाते. 65 इंची क्यू मागायला तो दुकानात गेला तर दुकानदार त्याला पडद्याचा रॉड दाखवेल.

पण खरी गडबड आकड्यांत नाही, उभं राहण्यात आहे. आमच्या जुन्या क्लबात एक मार्करकाका होते. पॉइंट मांडता मांडता शिकवायचेही. मी क्यू हनुवटीला लावून बघत होते तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही उभ्यानं खेळता का?"

खेळताना आपण कमरेत वाकतो, हनुवटी जवळजवळ क्यूवर टेकते, पुढच्या हाताचा टेबलावर ब्रिज, म्हणजे क्यूला आधार, केलेला असतो आणि मागच्या हाताचं कोपर वर. अशा वेळी पायांची लांबी क्यूच्या मापात कुठे येते? माझी एक मैत्रीण माझ्याएवढीच उंच आहे, पण तिचे पाय लांब आणि हात आखूड, माझं नेमकं उलटं. शेजारी शेजारी उभ्या राहिलो तर तक्ता आम्हा दोघींना एकच क्यू देईल. टेबलावर वाकलो की तिची मूठ माझ्यापेक्षा दीड-दोन इंच पुढे येते.

मूठ कुठे येते हाच सगळा प्रश्न आहे. टिप, म्हणजे क्यूच्या बारीक टोकाची चकती, पांढऱ्या बॉलला अगदी टेकायच्या बेतात असताना मागच्या हाताचा कोपरापासून खालचा भाग सरळ खाली लोंबायला हवा, ओळंब्यासारखा. बहुतेकांचा स्ट्रोक त्या स्थितीत सरळ जातो. त्या वेळी मूठ टिपेपासून जितकी मागे, तितका क्यू तुम्हाला लागतो. ते अंतर ठरतं दोन्ही हातांच्या लांबीवरून, छातीच्या रुंदीवरून, अंग किती आडवं करता त्यावरून आणि ब्रिज बॉलपासून किती मागे ठेवता त्यावरून. ब्रिज कुणाचा आठ इंचांचा असतो, कुणाचा बारा. या एका सवयीनंच चार इंचांचा फरक पडतो. तक्त्यात मात्र उंचीशिवाय कशालाच जागा नाही.

मोजायला पाच मिनिटं पुरतात. कुशनपासून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेपासून, दूर, मधोमध पांढरा बॉल ठेवा. नेहमीसारखे वाका, टिप बॉलच्या पार जवळ न्या आणि तिथेच थांबा. कुणाला तरी बाजूनं मोबाईलवर फोटो काढायला सांगा. हात ओळंब्यात आहे असं दिसलं की करंगळी जिथे आहे तिथे बटावर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, चिकटपट्टी लावा आणि टिपेपासून तिथपर्यंत टेपनं मोजा. माझं माप साडेपन्नास इंच आलं. 58 इंची क्यूत मुठीच्या मागे साडेसात इंच लाकूड उरतं. उरू दे की! ते कुणाच्या पोटात टोचत नाही. आमच्या सव्वासहा फुटी मित्राची करंगळी मात्र बटाच्या रबरावरून खाली घसरत होती. क्यू त्याला कमी पडतोय हे तेव्हा कळलं. तोवर तो बिचारा कोपर आखडून खेळत होता आणि स्ट्रोक वाकडा जातो म्हणून टिप बदलत होता. मागे तीन इंचांचं एक्स्टेन्शन लावल्यावर त्याचं काम झालं.

बायकांना हे लवकर कळावं. सहावारी साडी पाच फुटीलाही तीच आणि पावणेसहा फुटीलाही तीच, फरक निऱ्यांत जातो. जास्तीचं कापड कुणी कात्रीनं कापत नाही. पुरली नाही तर मात्र काही इलाज नसतो. क्यूचंही तसंच: जास्त झाला तर मूठ पुढे सरकते, कमी पडला तर मागे सरकायला लाकूडच नसतं. म्हणून अडचण होते ती बहुतेक वेळा उंच माणसांची. सगळे उपदेश मात्र बुटक्यांच्या वाट्याला.

आता "58 इंच हे पुरुषांचं माप". असं कुठल्याही नियमात नाही. पूलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत क्यू किमान 40 इंच हवा, कमाल लांबीला बंधन नाही. वजन 25 औंसांपेक्षा जास्त नको आणि टिप 14 मिलिमीटरपेक्षा रुंद नको. स्नूकरमध्ये क्यू किमान तीन फूट हवा. बास. 58 हे कारखान्यांनी रूढ केलेलं माप आहे, 29-29 इंचांचे दोन तुकडे मध्ये आटे देऊन जोडलेले. पूर्वी 57 चाही तितकाच सर्रास चालायचा. गंमत बघा, स्नूकरचं टेबल आतून 11 फूट साडेआठ इंच लांब आणि पूलचं नऊ फुटी टेबल आतून 100 इंच. टेबलांत एवढा फरक असूनही दोन्हीकडचे क्यू 57-58 इंचांचेच. हे माप बहुतेक मोठ्या माणसांच्या हाताला पुरतं आणि थोडं उरतं, म्हणून टिकलंय. बायका, पुरुष, बुटके, मध्यम, सगळे त्यात येतात.

आता कापण्याबद्दल, कारण इथे पैसे जातात. मी नवा 58 इंची क्यू घेतला होता, 19 औंसांचा. हनुवटीचा हिशोब करून चार इंच कापायला दिला. कापणाऱ्यानं विचारलं, बटाकडून की टिपेकडून? मला काय ठाऊक! टिपेकडून कापला तर शाफ्टचा, म्हणजे पुढच्या बारीक भागाचा, निमुळतेपणा जातो, टोक जाड होतं, टिपेखालचं फेरूल पुन्हा बसवावं लागतं, म्हणून त्यानं बटाकडून कापला. काम त्यानं सफाईदार केलं, त्याचा काही दोष नाही. पण बटाच्या आत वजनासाठी बोल्ट असतो, तो त्या चार इंचांतच होता. शिवाय क्यूचं सगळ्यात जाड लाकूडही तिथेच. क्यू 16 औंसांवर आला.

नुसतं वजन कमी झालं असतं तर चाललं असतं, मी हलक्याची सवय केली असती. बिनसला तो तोल. आधी क्यू बोटावर आडवा तोलला की टिपेपासून 40 इंचांवर स्थिर राहायचा. कापल्यावर 37 वर. माझी मूठ तर तिथेच, साडेपन्नासवर, कारण हात काही कापले नव्हते. म्हणजे तोलाचा बिंदू मुठीपासून आणखी तीन इंच दूर गेला. टोक जड झालं, हळू शॉटला टिप खाली झुकायची, ब्रिजच्या बोटांवर भार यायचा. स्टॉप शॉट मारायला जावं, म्हणजे पांढरा बॉल आदळून जागीच थांबावा असा, आणि तो मागे फिरून पॉकेटात. महिनाभर मला वाटत राहिलं की माझाच हात बिघडलाय.

ब्रेक, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉल फोडायचा फटका, मारताना दुसरी गोष्ट लक्षात आली. ब्रेकला बरेच जण मूठ नेहमीपेक्षा दोन-चार इंच मागे नेतात, झोका मोठा मिळावा म्हणून. माझ्या कापलेल्या क्यूत मागे उरले होते साडेतीन इंच. लांबच्या बॉलसाठी टेबलावर झेपावतानाही तेच, कारण तेव्हा क्यू अगदी शेपटाशी धरायचा असतो. बुटक्या खेळाडूला टेबलभर झेपावायची वेळ जास्त येते आणि त्यालाच सांगायचं की क्यू आखूड कर!

"लांब क्यूला जोर जास्त." जोर येतो आदळतानाच्या वेगातून आणि थोडाफार वजनातून. लांबी स्वतः काही ढकलत नाही. पूलचा बॉल साडेपाच ते सहा औंसांचा, क्यू त्याच्या तिप्पट. 19 चा क्यू 20 औंसांचा केलात आणि हाताचा वेग तोच ठेवलात, तर बॉलचा वेग एक-सव्वा टक्का वाढेल. जड क्यूमुळे हात जरासा मंदावला तर तेवढाही नाही. खास ब्रेकसाठी विकले जाणारे क्यूसुद्धा बहुतेक 58 इंचांचेच असतात, त्यांची टिप कडक असते एवढंच. आणि अडसर ओलांडून बॉल उडवायचा जंप क्यू? तो 40-42 इंचांचा, हलका. लांबीत जोर असता तर तो सगळ्यात लांब नसता का?

तरीही मोठे खेळाडू क्यू लांबवतात, हे खरं. अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड मागे एक्स्टेन्शन लावून भलताच लांब केलेला क्यू घेऊन खेळताना दिसलाय. पण ती त्याची स्वतःची शोधाशोध. दस्ताने, मनगटाला वजनं, काय काय प्रयोग केलेत त्यानं. त्यावरून तक्ता निघत नाही.

पाठदुखीचा मुद्दा एका ओळीचा आहे: पूलच्या टेबलाची पाटी (बॉल फिरतात तो सपाट भाग) सगळ्यांसाठी सव्वाएकोणतीस ते 31 इंचांवर असते आणि हातात कुठलाही क्यू घेतला तरी ती वर येत नाही. उंच माणसानं पाय फाकवावेत, पुढचा गुडघा सैल सोडावा. पाठ दुखतच असेल तर डॉक्टरांना दाखवा, क्यूवाल्याला कशाला?

मुलांच्या बाबतीत मात्र तक्ता नेमका उलट्या बाजूनं चुकतो. मोठ्यांना कापायला सांगणारे लोक आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात 58 इंची क्यू देतात. या पोराची मूठ ओळंब्यात धरली की तोलाच्या बिंदूवर किंवा त्याच्याही पुढे येते. मागचं शेपूट जड होऊन खाली जातं, टिप वर उचलली जाते, आणि ते आवरायला पोरगं मूठ गच्च आवळतं. ती आवळायची सवय पुढे सुटता सुटत नाही. मुलांसाठी 48 आणि 52 इंची क्यू तयार मिळतात, वजनालाही हलके. तेच द्या. दोन वर्षांत आखूड पडेल, हे मान्य. शाळेचे बूटही पडतातच की. मोठ्यांसाठीही खूण हीच ठेवा: बटावर दोरा किंवा चामडं गुंडाळलेला भाग असतो, तुमची मूठ त्याच्याही पुढे जात असेल तर आखूड क्यूचा विचार करा. पूर्ण वाढलेल्या माणसांत असं मी अजून पाहिलेलं नाही.

मोठ्या माणसाला आखूड क्यू खरोखर लागतो तो खोलीमुळे, आणि नेमकं याबद्दल त्या चित्रात अवाक्षर नाही. नऊ फुटी टेबलाची आतली रुंदी 50 इंच. दोन्ही बाजूंना 58-58 धरा, झाले 166, म्हणजे 13 फूट 10 इंच, आणि यात क्यू मागे खेचायला लागणारी जागा धरलेलीच नाही. आपल्याकडे कितीतरी पार्लरं दुकानाच्या गाळ्यात किंवा तळघरात. टेबल घुसवलेलं असतं, एका बाजूला भिंत, दुसरीकडे बिल्डिंगचा खांब. कुशनला चिकटलेला बॉल मारायचा तर बट भिंतीवर आपटतं किंवा क्यू छपरासारखा तिरपा करावा लागतो.

आम्ही आता खेळतो तिथेही असा एक खांब आहे, टेबल नंबर तीनच्या कोपऱ्याशी. त्याच्या रंगाचे टवके बरोबर बटाच्या उंचीला उडालेत. मी दुसरा 58 इंची क्यू घेतला तेव्हा तो कापलेला 54 इंची तिथल्याच स्टँडवर ठेवून आले. परवा गेले तर तीन नंबरवर दोन पोरं खेळत होती. एकाचा बॉल खांबाकडच्या कुशनला लागला, तसा तो स्टँडकडे बघून ओरडला, "अरे, ती ताईंची तुटकी स्टिक आण."