उंच टँक आणि लिटरला एक वॅट: रीफ टँकबद्दलच्या एका सल्ल्याला उत्तर

मोठा रीफ टँक, म्हणजे पोवळी (कोरल) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, करायचा म्हटलं की एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो. थोडक्यात तो असा: ‘टँक जितका उंच तितका उत्तम, कारण समुद्र खोल असतो. लिटर वाढले की बाकीचं आपोआप सोपं होतं. लाइट लिटरला एक वॅट धरा. प्रकाश जास्त झाला तरी कोरलचं बिघडत नाही. आणि खरी वाढ हवी असेल तर मेटल हॅलाइडचे दिवेच लावा, एलईडी नुसता दिसायला.’ वाईट याचं वाटतं की हा सल्ला नवख्या माणसाला, काचेची ऑर्डर देण्याच्या आधी मिळतो. काच एकदा चिकटवली की माप बदलता येत नाही.

आधी उंची. समुद्र खोल असतो, पण टँकमध्ये करतो तसली प्रकाशावर जगणारी रीफ, म्हणजे पोवळ्यांचा खडक, उथळ जागीच होते. ती बांधणाऱ्या पोवळ्यांच्या अंगात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्यांना प्रकाश लागतो. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात असलेल्या अँग्रिया बँकेवर पोवळी आहेत ती तिथला तळ वीसेक मीटरपर्यंत वर आलेला आहे म्हणूनच. प्रकाश पुरेसा पोचत असेल तर टँक 60 सेंमी उंच आहे की 90, याने कोरलला काही फरक पडत नाही. फरक पडतो तुमच्या हाताला.

काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत बहुतेकांचा हात 65 ते 70 सेंमी भरतो. 90 सेंमीच्या टँकमध्ये एखादा फ्रॅग (लावलेला कोरलचा तुकडा) सुटून दगडामागे पडला, तर स्टुलावर चढून, लाइट बाजूला करून, खांदा पाण्यात आणि गाल काचेच्या कडेला टेकवूनसुद्धा बोटं वाळूला लागत नाहीत. मग लांब चिमटा घ्यायचा आणि तो फिरवताना शेजारचं कोरल मोडायचं. खालच्या कोपऱ्यातली काच खरवडणं, वाळूतला गाळ ओढणं ही दर आठवड्याची कामं. हात पोचत नसेल तर ती टळतात, आणि टँक बिघडायला सुरुवात तिथूनच होते.

‘लिटर वाढले की सोपं’ हे अर्धंच खरं आहे. जास्त पाण्यात तापमान आणि क्षारता सावकाश बदलतात, हे मान्य. पण ते लिटर कुठल्या आकारात आहेत? 180×60×60 सेंमी आणि 120×60×90 सेंमी, दोन्ही टँक बरोबर 648 लिटरचे. पहिल्याचा पाण्याचा पृष्ठभाग 1.08 चौरस मीटर, दुसऱ्याचा 0.72. ऑक्सिजन पृष्ठभागातून आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला लांबी लागते, उंची नाही. काचेवरचा दाब तर लिटरवर अवलंबूनच नसतो, तो फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. उंच टँकच्या तळाशी तो दीडपट असतो. त्याची समोरची काच लांबीने दोन तृतीयांश, तरी तिच्यावर एकूण जोर जवळपास पाचशे किलोंचा येतो आणि लांब टँकच्या काचेवर साधारण 330 किलोंचा. म्हणून उंच टँकला काच जाड लागते आणि खर्चही वाढतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचंही बघावं. 648 लिटर खारं पाणी म्हणजे सुमारे 665 किलो. काच, दगड, स्टँड आणि सम्प (खालची गाळणीची टाकी) धरला की टनाच्या आसपास. घरातल्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण 200 किलो आहे. तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक ठेवलाच तर स्लॅब कोसळेल असं नाही. पण तोच टन उंच टँकमुळे कमी जागेत एकवटतो. तुळईजवळ, भिंतीला लागून जागा निवडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा. मला विचाराल तर उंची 60 सेंमीवर थांबवावी आणि वाढवायचंच असेल तर रुंदी 75 करावी. दगड मागच्या काचेपासून सुटे राहतात, त्यांच्या मागून पाणी फिरतं आणि तिथे घाण साचत नाही.

आता ‘लिटरला एक वॅट’. हा हिशेब ट्यूबलाइटच्या काळातला. तेव्हा सगळ्यांच्या ट्यूब जवळपास सारख्या होत्या, म्हणून वॅटवरून प्रकाशाचा अंदाज बांधता यायचा. आज दोन एलईडींचे वॅट सारखे असले तरी लेन्स, रंग आणि पाण्यापासूनची उंची बदलली की कोरलवर पडणारा प्रकाश कितीतरी पटींनी बदलतो. मोजायचा तो पार (PAR), म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. तोही कोरल जिथे बसणार तिथे सेन्सर बुडवून मोजायचा. मऊ कोरलना साधारण 50 ते 150 मायक्रोमोल (पारचं एकक) पुरतो, एलपीएसना (मोठ्या पॉलिपची कठीण कोरल) त्याच्याच आसपास, एसपीएसना (लहान पॉलिपची कठीण कोरल) 200 ते 350.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रीफ बांधणारी सगळी कठीण पोवळी आणि गॉर्गोनियन (समुद्री पंखे) आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून ती आणणं हा गुन्हा आहे. भारतात टँक करणाऱ्याने मऊ कोरल धरूनच लाइट ठरवावा. एलपीएस-एसपीएसचे आकडे दिलेत ते परदेशात राहून, तिथे कायदेशीरपणे वाढवलेले फ्रॅग घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी. मऊ कोरलसाठी 648 लिटरवर 648 वॅटचे एलईडी टांगणं म्हणजे पैसे घालून कोरल भाजणं.

इतक्या कमी खोलीत प्रकाश पाण्यात फारसा शोषलाही जात नाही, विशेषतः निळा. तो कमी होतो पसरल्यामुळे. लाइट पाण्याच्या 25 सेंमी वर असेल तर 60 सेंमीच्या टँकची वाळू त्यापासून 85 सेंमीवर येते, 90 सेंमीच्या टँकची 115 सेंमीवर. काचा थोडा प्रकाश आत परतवतात, तरी खाली पोचणारा प्रकाश निम्म्याच्या जवळ येऊ शकतो. तो भरून काढायला लाइट वाढवला की वरच्या दगडावरचं कोरल पोळतं. उंची आणि लाइट वेगवेगळे ठरवता येत नाहीत ते यामुळे.

‘जास्त प्रकाशाने बिघडत नाही’ हे या सल्ल्यातलं सगळ्यात घातक वाक्य. एका मर्यादेपुढे शैवालाला तो प्रकाश वापरता येत नाही, घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि कोरल शैवालच बाहेर टाकतं. तेच ब्लीचिंग. त्यात आपला डोळा फसवतो. त्याला हिरवा-पिवळा प्रकाश जास्त जाणवतो, 450 नॅनोमीटरचा निळा मंद वाटतो. टँक अंधारा दिसतो म्हणून निळा चॅनल वाढवत नेतात आणि पार कधीच हद्दीबाहेर गेलेला असतो. मोबाइलचं लक्स अ‍ॅपही डोळ्यासारखंच मोजतं. दुपारच्या सूर्याचा पार 2000 च्या घरात असतो हे खरं, पण तो पाण्याच्या वर आणि थोडाच वेळ. नव्या कोरलला कमी प्रकाशात ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्यावं.

हॅलाइडवर सुंदर टँक झाले आहेत, त्यात वाद नाही. पण एलईडीवरही एसपीएस जोमाने वाढतात, जगभर वाढताहेत. सहा फुटी टँकवर 250 वॅटचे तीन हॅलाइड आठ तास चालले की दिवसाला सहा युनिट जातात, आणि ती सगळी उष्णता खोलीत आणि पाण्यात उतरते. मुंबईच्या मे महिन्यात पाणी 26 अंशांवर ठेवायला चिलर आधीच धापा टाकत असतो. एलईडीची खरी अडचण निराळी आहे: प्रकाश एका बिंदूतून येतो, त्यामुळे कोरलच्या खालच्या बाजूला गडद सावली पडते आणि तिथला भाग मरतो. त्यावर उपाय वॅट वाढवणं नाही. साधारण 60 सेंमी लांबीला एक फिक्श्चर, रुंद कोनाची लेन्स, आणि टँक 75 रुंद असेल तर पुढच्या काचेकडे टी-5 ट्यूबची एक जोडी.