नाभीतून गा, नाकात आणा, घसा फोडा : एका फिरत्या संदेशाचा समाचार

'घसा न ताणता गाण्याची ७ प्राचीन रहस्ये' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या भजनी मंडळांच्या, सुगम संगीताच्या वर्गांच्या आणि गाणे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत आहे. माझ्याकडे तो अनेकदा आला आणि प्रत्येक वेळी मी तो पुसून टाकला. अशा मजकुराला उत्तरे देत बसलो तर गाणे शिकवायचे कधी, असा प्रश्न पडेल. परंतु शास्त्रीय गायनाच्या मध्यमा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची घसा पुरता बसलेला असतानाही पहाटे उठून तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'वर, जोर लावत होती, आणि थांब म्हटल्यावर "मामा, आता थांबले तर आवाज मोकळाच होणार नाही, असं लिहिलंय त्यात" असे तिने मला घोगऱ्या आवाजात ऐकवले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत. आवाज नाभीत तयार होतो, म्हणून घशातून कधीच गाऊ नये आणि गाताना पोट दगडासारखे घट्ट धरावे. तो आवाज वर नेऊन नाकात आणि कपाळात कोंडावा, कारण तेथील पोकळ हाडे तो दसपट मोठा करतात. घसा बसला तरी रियाज थांबवू नये, कारण घसा 'फोडल्याशिवाय' आवाज खुलत नाही. गाण्यापूर्वी मध-मिरी चाटली की स्वरतंतूंवर लेप बसतो. छातीत मावेल तेवढी हवा भरून ती जोराने सोडावी. दही, चिंच आणि थंड पाणी जन्मभर वर्ज्य करावे. लहानथोर सर्वांनी पहाटे चारला जमेल तितक्या खाली खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला स्वर, लावावा. या सगळ्यावर शिक्कामोर्तब म्हणून शेवटी 'संगीत रत्नाकर' या जुन्या संगीतग्रंथाचे नाव ठोकून दिलेले आहे. अध्याय नाही, श्लोक नाही, नुसते नाव.

सर्वांत घातक मुद्दा घसा फोडण्याचा, म्हणून आधी तोच घेतो. स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन मऊ घड्या. पुरुषांत त्या साधारण दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात, स्त्रियांत त्याहून आखूड. पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या मुलीने तार षड्ज लावला की या घड्या एका सेकंदात ४४० वेळा एकमेकींवर येऊन मिटतात. घसा बसणे याचा अर्थ बहुतेक वेळा या घड्या सुजल्या आहेत एवढाच असतो. सुजलेल्या घड्यांच्या कडा नीट जुळत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा किंवा फुसका येतो. तो पहिल्यासारखा यावा म्हणून गाणारा नकळत खालून जास्त दाब देतो आणि मानेचे स्नायू आवळतो. दाब वाढला की घड्यांचे आदळणे वाढते आणि आदळण्याने सूज आणखी वाढते. हेच आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर जेथे टक्कर सर्वाधिक होते तेथे, म्हणजे घड्यांच्या पुढच्या तृतीयांश भागाच्या सीमेवर, दोन्ही बाजूंना गाठी धरू लागतात. आरंभी त्या मऊ असतात आणि आवाजाला विश्रांती व वाचोपचार (आवाज वापरण्याच्या सवयी सुधारणारे उपचार) मिळाले तर बहुधा ओसरतात. पण सुजलेल्या घडीवर जोराची एखादी तान मारल्याने बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त अस्तराखाली पसरले, तर डॉक्टर पूर्ण मौन सांगतात आणि त्या अवस्थेत गाणे म्हणजे कायमचा व्रण मागून घेणे होय.

घसा फोडून मोठे झालेल्या गवयांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत आणि त्या सगळ्याच खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र त्या ज्यांचा आवाज टिकला त्यांच्या गोष्टी आहेत. त्याच गुरूकडे तसाच रियाज करून ज्यांचा आवाज गेला, ते पुढे दुकानात किंवा कचेरीत बसले आणि त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. संदेशात गंगूबाई हनगल यांचे उदाहरण दिले आहे, ते तर उघड दिशाभूल करणारे आहे. त्यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच आणि पातळ आहे. पुढचा भारदस्त आवाज घशाच्या विकारानंतर आणि त्यावरील उपचारांनंतर उतरलेला आहे. त्या उतरलेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी उभी केली, हे त्यांचे कर्तृत्व आहे. त्यातून मुलांनी मुद्दाम घसा खराब करून घ्यावा, असा अर्थ काढणाऱ्याने निदान त्यांचे नाव तरी घ्यायला नको होते.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर स्वरयंत्र आतून पाहून घ्यावे, आणि गंभीर कारणाची शंका असेल तर तेवढेही थांबू नये. गाणाऱ्याने तर त्याआधीच जावे, असे माझे मत आहे, कारण सामान्य माणसाला जो बिघाड जाणवतही नाही तो गायकाच्या दोन श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरे) खाऊन टाकतो.

आता नाकाकडे येतो, कारण सर्वांत हास्यास्पद मुद्दा हाच आहे आणि नेमका तोच 'संगीत रत्नाकरा'च्या नावावर खपवलेला आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने लिहिला. शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि याद्या करण्याची त्याची शिस्त पाहिली की ते पटते. त्याने गायकाचे २५ दोष व्याख्यांसह नोंदवले आहेत आणि त्या यादीच्या शेवटी 'सानुनासिक' हा दोष आहे, म्हणजे नाकातून गाणारा. ज्या ग्रंथाच्या आधारावर हा संदेश लोकांना नाकात गायला सांगतो, तो ग्रंथ त्याला चूक ठरवतो. त्याच यादीत दात आवळून गाणारा 'संदष्ट' आहे, आरडून गाणारा 'उद्घुष्ट' आहे, आणि गाताना ज्याच्या कपाळाच्या, चेहऱ्याच्या व मानेच्या शिरा फुगतात तो 'झोंबक' आहे. ताण घेऊन गाणे कसे दिसते, हे आरसा समोर ठेवून तपासायचे असेल तर आठशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजही पुरेशी आहे. संदेश लिहिणाऱ्याने ग्रंथ उघडला असता तर त्याला तिसऱ्या मुद्द्याचेही उत्तर तेथेच मिळाले असते.

पोकळ हाडे आवाज मोठा करतात, हा दावा तपासूनही झालेला आहे. अमेरिकन गायनशिक्षक विल्यम व्हेनार्ड यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाकाच्या वाटा जाळीदार कापडाने बुजवल्या आणि गालांच्या हाडांतील पोकळ्यांत पाणी भरून गाऊन पाहिले. आवाजात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. यात आश्चर्यही नाही, कारण या पोकळ्यांची तोंडे अगदी बारीक असतात आणि आत ओलसर अस्तर असते, जे आवाज वाढवण्यापेक्षा शोषण्याचेच काम करते. घरी करता येणारी चाचणीही सोपी आहे. मध्य सप्तकातल्या कोणत्याही स्वरावर लांब 'आ' लावावा आणि गाता गाता नाकपुड्या चिमटीत धरून सोडाव्यात. आवाज जराही बदलला नाही तर पडजीभ आणि मऊ टाळू वर उचललेले आहेत आणि सगळा नाद तोंडातून येत आहे. धरल्यावर आवाज कोंदला तर तो नाकात गळत आहे. 'म' आणि 'न' धरताना नाक बंद केले की आवाज थांबतोच, आणि थांबायलाच हवा.

येथे मला एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करावे लागते. आवाज चांगला लागतो तेव्हा नाकाच्या मुळाशी, गालांत, कधी कपाळात कंप जाणवतो, आणि अनेक उत्तम गुरू शिष्याला "आवाज पुढे आण, डोळ्यांच्या मध्ये ठेव" असे सांगतात. ही सूचना उपयोगी आहे, पण ती जाणिवेची खूण आहे. तेथे आवाज तयार होत नाही. नाद घडतो तो घड्यांच्या वर असलेल्या, पुरुषांत साधारण १७ सेंटिमीटर लांबीच्या घसा-तोंडाच्या नळीत. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी ऑपेरा गायकांवर केलेल्या अभ्यासात, वाद्यवृंदातूनही ज्यामुळे आवाज ऐकू येतो ती ३००० हर्ट्झच्या आसपासची झळाळी स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा अरुंद आणि तिच्यावरचा घसा रुंद राहिल्याने येते, असे दाखवले. आपल्याकडे ज्याला जवारीदार (तानपुऱ्याच्या तारेसारखा झणझणीत) आवाज म्हणतात त्याचे सगळे रहस्य एवढ्यात आहे, असा माझा दावा नाही, परंतु तो कपाळातल्या हाडांत नाही, हे नक्की. कंप जाणवावा म्हणून जो नाक आवळतो, त्याला कंप मिळतो आणि झळाळी जाते.

नाभीच्या मुद्द्यालाही शार्ङ्गदेवच उत्तर देतो. नाद नाभीपासून वर चढतो, असे त्याने म्हटले आहे, हे खरे. पण लगेच पुढे मंद्र (खालचे सप्तक) हृदयात, मध्य कंठात आणि तार (वरचे सप्तक) मूर्धेत, म्हणजे डोक्यात, अशी स्थानेही तो सांगतो. म्हणजे मध्य सप्तकाचे स्थान त्याने घशातच ठेवले आहे. श्वासावरचा ताबा पोटाच्या व बरगड्यांच्या स्नायूंकडे असतो, एवढाच अर्थ यातून घ्यावा. पोट दगडासारखे धरणे मात्र सरळ अपायकारक आहे. पाण्याने भरलेली कळशी उचलताना आपण पोट घट्ट करतो तेव्हा घशातली झडप आपोआप मिटते, कारण शरीराला आत हवा कोंडून आधार हवा असतो. गाताना तेच केले तर मिटू पाहणाऱ्या झडपेतून स्वर रेटावा लागतो. पोट आत जाताना सावकाश आणि लवचीक राहिले पाहिजे.

छाती फुटेपर्यंत हवा भरण्याविषयी एकच उदाहरण पुरे. कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस क्षयाने जवळजवळ निकामी झाले होते, आणि त्यानंतर ते जे गायले ते आपण अजून ऐकतो. लागते ती मोजून सोडलेली हवा.

मध-मिरीचा लेप स्वरतंतूंवर बसत नाही, कारण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो. तो स्वरतंतूंवर पडला तर ठसका लागून बाहेर फेकला जाईल. मधाने किंवा जेष्ठमधाने घशाची कोरड आणि खोकल्याची उबळ कमी होते, तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावे. स्वरतंतूंपर्यंत पोहोचते ती श्वासातली वाफ, आणि दिवसभर प्यालेल्या पाण्याचा ओलावा. दही-चिंचेविषयी मी वाद घालणार नाही. ज्याला बाधते त्याने सोडावे. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होण्याने आम्ल वर येऊन स्वरयंत्र जळते, हे अधिक महत्त्वाचे आहे, पण मैफलीनंतर रात्री जेवणाऱ्या आपल्या मंडळींना ते कोणी सांगत नाही.

खर्जाच्या साधनेला माझा विरोध नाही. हलक्या आवाजात, आपल्या पट्टीच्या मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत, सहज उतरणे सकाळी फार चांगले. आक्षेप 'जमेल तितक्या खाली' आणि 'लहानथोर सर्वांनी' या शब्दांना आहे. हनुवटी छातीला टेकवून स्वरयंत्र खाली दाबून काढलेला स्वर खर्ज नसतो, ती घरघर असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज बदलत असताना तर त्याला खाली किंवा वर कोठेही ढकलू नये. जे चार-पाच स्वर निर्मळ लागतात तेवढ्यांत गाऊ द्यावे.

इतक्या रहस्यांत, ताण येण्याचे सर्वांत सामान्य कारण संदेशात कोठेही नाही, आणि ते म्हणजे चुकीची पट्टी. पेटीवाल्याच्या सोयीने काळी एक धरली की भजनी मंडळातल्या बायका एकतर खाली पुटपुटतात किंवा वर ओरडतात. दुसरे कारण स्वरवर्णाचे, म्हणजे 'आ', 'ई', 'ऊ' अशा उच्चारांचे आहे. काळी पाचच्या तार षड्जावर 'ई' आवळून धरली तर घसा आवळतोच, कारण त्या स्वराची कंपनसंख्या 'ई'च्या पहिल्या अनुनादापेक्षा, म्हणजे 'ई' म्हणताना घसा-तोंडाची नळी ज्या कंपनसंख्येला सर्वांत आधी साथ देते तिच्यापेक्षा, वर जाते. जबडा थोडा सैल सोडून ती 'ई' किंचित 'ए'कडे झुकवली की तोच स्वर अर्ध्या कष्टात लागतो आणि ऐकणाऱ्याला शब्द 'ई'चाच वाटतो. घसा शिणला असेल तर पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून बुडबुडे काढत हलक्या आवाजात 'ऊ' वर-खाली फिरवावा. पुढून मिळणाऱ्या प्रतिदाबामुळे घड्या कमी जोराने आदळतात. आवाज पूर्ण बसलेला असेल तर हेही करू नये, त्या दिवशी तानपुरा लावून नुसते ऐकावे.